घोरणं थांबवणारं यंत्र माळ्यावर टाकू नका, आधी मास्क बदलून बघा



घरात कुणी मोठ्यानं घोरत असलं की आपण काय म्हणतो? "गडी दमलाय, गाढ झोप लागलीय." आमच्या घरातही वर्षानुवर्षं हेच म्हटलं जायचं. थोरल्या बंधूंचं घोरणं म्हणजे अख्ख्या आळीचा चेष्टेचा विषय. पण एका गळीत हंगामात कारखान्यावर ऊस टाकून रिकामी ट्रॉली घेऊन येताना पहाटे त्यांचा ट्रॅक्टर चारीत गेला. नशीब बलवत्तर म्हणून जीव वाचला, खांद्यावर निभावलं. गावात मात्र चर्चा झाली की पिऊन चालवत होता. खरं म्हणजे दादा दारूला शिवत नाहीत. चालवता चालवता डोळा लागला होता.

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "भाऊजी, ह्यांचं घोरणं मधीच बंद पडतंय. मी उठून बघते, तर श्वासच नसतोय. मग एकदम गुदमरल्यागत करून पुन्हा घोराय लागत्यात. रातभर हेच." दोन वर्षं ही बाई अर्धी रात्र जागून नवऱ्याचा श्वास बघत होती आणि आम्ही हसत होतो.

मिरजेला नेऊन झोपेची तपासणी केली. एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं. अहवाल आला : तासाला 52 वेळा श्वास अडतो. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया, आणि तोही तीव्र.

म्हणजे नेमकं होतं काय?

विहिरीवरच्या इंजिनाचा रबरी सक्शन पाइप मऊ पडला, तर ओढीनं तो चपटा होतो आणि पाणी तुटतं. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. घशाचंही तसंच आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरकते आणि श्वास ओढताना नळी मिटते. छाती वर-खाली होते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही.

श्वास 10 सेकंद किंवा जास्त अडला की एक अडथळा मोजतात. तासाला 5 ते 15 अडथळे म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या पुढं तीव्र. अशा माणसाला दिवसा पेंग येते, सकाळी डोकं जड होतं, रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं, चिडचिड वाढते. रक्तदाब दोन-तीन गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नसेल, तर त्यामागं हे कारण असू शकतं. अंगानं स्थूल, आखूड जाड मानेच्या माणसाला हा आजार जास्त होतो. पण बारीक माणसाला होत नाही असं समजू नका. पाळी गेलेल्या बायकांमध्येही तो वाढतो.

यंत्र कसलं? ऑक्सिजनचं नव्हे

तीव्र आजारावर सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे सी-पॅप यंत्र. बरेच जण त्याला ऑक्सिजनचं यंत्र समजतात, ते चूक आहे. ते खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबानं, नळीतून आणि मास्कमधून नाकात सोडतं. आतून दाब राहिला की घशाची नळी मिटत नाही. बस, एवढंच काम. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि बहुतेक यंत्रं 4 ते 20 पर्यंत दाब देतात. दादांना 11 लागतो. म्हणजे अर्ध्या वितीएवढ्या पाण्याच्या तळाशी असतो तेवढा. भिण्यासारखं त्यात काही नाही. हा आकडा मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा. शेजाऱ्याचं यंत्र आणून आपल्या मनानं लावायचं नाही.

हा शोध ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांचा. 1981 मध्ये त्यांनी तो जगापुढं मांडला. सुरुवातीच्या रुग्णांना रोज रात्री मास्क नाकावर चिकटवावा लागे आणि सकाळी सोलून काढावा लागे. आज मऊ सिलिकॉनचे, निरनिराळ्या मापांचे मास्क मिळतात. तरीही यंत्र घेणारे अनेक जण ते सोडून देतात आणि त्यामागं बहुधा यंत्र नसतं, मास्क असतो.

आमची चूक काय झाली

दुकानदारानं यंत्रासोबत नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला. माप घेतलं नाही, लावून दाखवला नाही. दादांच्या भरघोस मिशांवर तो नीट बसेना. कडेनं हवा सुटून डोळ्यांत जायची. हवा सुटते म्हणून पट्टे आवळले, तर नाकाच्या हाडावर जखम झाली. त्यात नातवंडं म्हणायची, "आजोबांना हत्तीची सोंड आली." आठव्या दिवशी यंत्र माळ्यावर गेलं. कर्ज काढून आणलेली वस्तू धूळ खात पडली आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

तीन आठवड्यांनी वहिनींनीच यंत्र खाली काढलं, पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "चला, परत दाखवून येऊ. टरॅक्टर परत चारीत गेला तर मला कोण?" त्यावर दादा एक शब्द बोलले नाहीत.

या वेळी तिथल्या तंत्रज्ञानं दादांना खाटेवर आडवं केलं, यंत्र चालू केलं आणि चार मास्क लावून बघितले. नाकापुरता मास्क बरोबर बसला. मिशा वरच्या बाजूनं थोड्या कमी कराव्या लागल्या, एवढंच. त्या रात्री वहिनी पुन्हा जाग्या राहिल्या. या वेळी घरात आवाज नाही म्हणून.

मास्क कसा निवडाल?

मास्क मुख्यतः तीन प्रकारचे.

पहिला, नाकावर बसणारा. बहुतेकांनी सुरुवात यापासूनच करावी. तो आटोपशीर असतो, हवा कमी सुटते आणि सवय लवकर होते.

दुसरा, नाकपुड्यांना टेकणाऱ्या दोन मऊ बोंडांचा. चेहरा मोकळा राहतो. ज्यांचा जीव कोंडल्यासारखा होतो, ज्यांना चष्मा लावून वाचत पडायचं असतं किंवा ज्यांच्या नाकाच्या हाडावर जखम होते त्यांना तो सोयीचा. दाब फार जास्त लागत असेल, तर मात्र काहींच्या नाकपुड्या दुखतात.

तिसरा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. नाक कायमचं चोंदलेलं असेल, झोपेत तोंड उघडंच राहत असेल, तर हा लागतो. पण यातून हवा जास्त सुटते आणि कित्येकदा दाबही जास्त लागतो. म्हणून गरज असेल तरच घ्यावा. नाक चोंदतं म्हणून लगेच मोठ्या मास्ककडे धावू नका. आधी नाकाचा इलाज करा. बऱ्याच जणांचं तोंड नाक मोकळं झालं की आपोआप मिटतं.

मास्क घेताना या गोष्टी पाळा. उभं राहून नव्हे, झोपून आणि यंत्र चालू ठेवून मास्क लावून बघा. कूस बदलून बघा. पट्टे आवळून नव्हे, तर माप बरोबर असल्यानं मास्क बसला पाहिजे. सकाळी तोंडावर खोल वळ उठत असतील, तर माप चुकलंय. दाढी-मिशा असतील तर तसं सांगा. मास्कला बारीक भोकं असतात, उच्छ्वासाची हवा त्यातून बाहेर जाते. आवाज येतो म्हणून ती बुजवू नका. आणि एक महत्त्वाचं : काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबक असतात. घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल, तर ते दुकानदाराला आधी सांगा. तो मास्क त्या माणसानं वापरायचा नाही, आणि शेजारी झोपणाऱ्यानंही वापरायचा नाही.

शक्य असेल तर यंत्र पहिला महिना भाड्यानं घ्या. मोठ्या शहरांत तशी सोय असते. मास्क बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या रात्री झोप येईलच असं नाही. दिवसा बातम्या ऐकताना अर्धा तास मास्क लावून बसा. यंत्रात दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती चालू करून घ्या. रात्री मास्क निघाला तर पुन्हा लावा, आजची रात्र गेली म्हणून सोडू नका. निदान चार तास तरी लावायचाच, ही पहिली पायरी. पूर्ण झोपेत लावणं हे खरं ध्येय. नाक-घसा कोरडा पडत असेल, तर यंत्राला पाण्याचा डबा जोडता येतो. पोट हवेनं फुगत असेल, तर डॉक्टरांना सांगा, दाब बघावा लागतो.

रात्रपाळीच्या विजेमुळं पाणी धरायला गेलात आणि दुपारी झोपलात, तरी मास्क लावूनच झोपा. आजार रात्रीचा नाही, झोपेचा आहे.

आपल्या घरची काळजी

डब्यात बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी घाला आणि ते रोज बदला. यंत्र उशाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. मास्कचा मऊ भाग रोज सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळवा. धुण्याची पावडर आणि ऊन दोन्ही नको. मळणीच्या दिवसांत धूळ फार, तेव्हा फिल्टर दर आठवड्याला बघा. ज्या खोलीत औषधांचे डबे, फवारणीचा पंप किंवा चुलीचा धूर असेल, तिथं यंत्र ठेवू नका. ते खोलीतलीच हवा ओढून नाकात सोडतं.

वीज गेली तर? पाण्याचा डबा न तापवता यंत्र साधारण 30 वॅटच्या आसपास वीज खातं. म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवर रात्र निघू शकते. मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. वीज नसलेल्या रात्री निदान कुशीवर झोपावं. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, त्यानं घसा आणखी सैल पडतो. वजन उतरलं तर आजार हलका होतो. पण बरं वाटतंय म्हणून यंत्र आपल्या मनानं बंद करायचं नाही. पुन्हा तपासणी करूनच ठरवायचं.

जुनं यंत्र घेणाऱ्यांनी सावध राहावं. 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीनं आतला फोम झिजून नाकावाटे जाण्याच्या धोक्यामुळं जगभरातून लाखो यंत्रं परत मागवली होती. मॉडेल नंबर तपासल्याशिवाय व्यवहार करू नका.

गावाच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि आशाताई, तुम्हाला एक सांगणं आहे. गावात आरोग्य शिबिर झालं की रक्तदाब, साखर तपासली जाते. तिथं फक्त तीन प्रश्न जादा विचारा. मोठ्यानं घोरता का? झोपेत श्वास थांबलेला घरच्यांनी पाहिलाय का? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणसाला नाही, त्याच्या घरच्या बाईला विचारा. ऊस वाहतुकीचे ड्रायव्हर, शाळेच्या गाड्या चालवणारे यांना तर आवर्जून विचारा. तीनपैकी दोन उत्तरं 'होय' आली, तर जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीला पाठवा.

आणि वाचकहो, तुमच्या गावात कुणाचं असं यंत्र माळ्यावर पडलं असेल, तर त्याला जाऊन एवढंच सांगा : यंत्राला दोष देऊ नकोस, मास्क घेऊन परत जा. आमचे दादा यंदाच्या हंगामातही ऊस घेऊन कारखान्याला जातात. पहाटे घरी येतात, चहा घेतात, मास्क लावतात आणि झोपतात. नातवंडं अजून सोंडच म्हणतात. आता दादाही हसतात.