शेवळातल्या सुया

सकाळी 7. शेणव्याच्या पुढे रस्त्याकडेला बायका बसल्यात, डोक्यावर प्लास्टिकची इरली. पुढ्यात शेवळाच्या, म्हणजे पावसाळी रानभाजीच्या, जुड्या आणि प्रत्येक जुडीशेजारी मूठभर काकडं, आंबट रानफळं. काकडं न घेता कुणी निघालं तर बाईच दटावते, "घसा धरंल." दोन जुड्या घेतल्या. शाळेत प्रयोगाला नेतोय म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रेशनचे तांदूळ रांगोळीला नेतोय.

9.45. डोळखांबच्या पुढची आमची वाडी. भाताची दाढ टाकून झालीय, रोपं अजून बोटभरही नाहीत, त्यामुळे हजेरी बरी आहे. लावणीला हीच शाळा अर्धी होईल. मागच्या बाकावरची तीन पोरं पेंगतायत. काल रात्री वलगण चढली. पहिल्या मोठ्या पावसात अंडी घालायला उलट्या धारेने चढणारे मासे धरायला ती बापाबरोबर ओहोळात उभी होती. मी रागावलो नाही. त्यांच्याकडून फळ्यावर मासा काढून घेतला. गाभोळीचा, म्हणजे पोटात अंडी असलेला, मासा पोटावरून कसा ओळखायचा, हे त्यांतल्या एकाने इतकं नेमकं सांगितलं, की परीक्षेत त्याला विज्ञानात मिळालेले गुण आठवून मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग विचारलं, गाभोळीचे सगळेच धरले तर पुढच्या वर्षी चढणार कोण? वर्ग गप्प. पेंग मात्र उडाली.

परिपाठानंतर दिनदर्शिका. पावशा पक्षी 'पेर्ते व्हा' ओरडला की त्या तारखेवर खूण करायची, हे मार्चपासून चाललंय. सुट्टीत खुणा घरच्या दिनदर्शिकेवर केल्या. पावशा पाऊस सांगतो, अशी घराघरांतली समजूत. पण खुणा होळीच्या सुमारापासून आहेत आणि पाऊस आला जूनमध्ये. सहावीतल्या एकाने निकाल दिला, "सर, तो पाऊस नाही सांगत, बायको शोधतो." विणीच्या हंगामातला नराचा हाकारा याहून सोपा करून मला सांगता आला नसता.

11.30. आम्ल आणि आम्लारी. वहीची पानं हळदीच्या पाण्यात बुडवून परवाच वाळवली होती. चुलीतली राख पाण्यात कालवून गाळली आणि त्यात पट्टी बुडवली. पिवळी पट्टी तांबडीलाल झाली. कुंकू हळदीला चुना लावून करतात, हे दोघींना घरून ठाऊक होतं. चुन्याचं काम राख करते, हे नवं. एकजण म्हणाली, "आई करांदे उकडताना राख टाकते, कडू जायला." कडूपणा राखेमुळे जातो की नुसत्या उकळण्याने, हे कसं कळणार? पोरांनीच ठरवलं, करांद्याचे कंद निघाले की दोन पातेली लावायची, एक राखेचं, एक बिनराखेचं. वहीत लिहून ठेवलं. मग तीच लाल पट्टी ठेचलेल्या काकडाच्या पाण्यात. हळूहळू पुन्हा पिवळी. 'उदासिनीकरण' हा शब्द मी त्यानंतर लिहिला. आधी लिहिला असता तर नुसताच पाठ झाला असता.

1.30. खिचडी. पोरांच्या घरच्या गोष्टींतून विज्ञान शिकवणं काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1957 साली बोर्डीहून कोसबाडला आल्या. तेव्हा तो भाग आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडा, असं 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही सांगितलं. मात्र हल्ली प्रशिक्षणात कुणी उठून 'आपल्या पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं' म्हणतं, तेव्हा माझं डोकं उठतं. सगळंच ठाऊक असेल तर पोरांना तपासायला उरलं काय?

2.15. शेवळं. शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांचा फोल्डस्कोप म्हणजे कागदाचा सूक्ष्मदर्शक. 140 पट मोठं दाखवतो. कच्च्या देठाचा थेंब काचेवर घेतला, पट्टी सरकवली. पहिल्या मुलीने डोळा लावला आणि ओरडलीच, "सुया!" दोन्ही टोकांना अणकुचीदार, जुडीने बांधल्यासारख्या. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. घशात टोचतात ते हेच. मी मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहून टाकलं, की काकडाच्या आंबटाने या विरघळतात.

3.30. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी दोन पातेल्यांत शेवळं उकडून दिली, एक काकडाच्या पाण्यात, एक नुसती. दोन्हींतला थेंब पाहिला. नुसत्यात सुया. काकडाच्यातही सुया! पोरं माझ्याकडे बघतायत. खरं तर मला आठवायला हवं होतं, कॅल्शियम ऑक्झलेट सौम्य आम्लाला दाद देत नाही. ऐटीतलं वाक्य फळ्यावरून पुसलं. मग खाज जाते कशाने? सुयांबरोबर आणखी काही असतं का, जे शिजून किंवा आंबटाने मोडतं? तक्त्यात 'का?' या रकान्यापुढे मोठा चौकोन रिकामा ठेवला.

4.45. मावशींनी भांडी विसळून हात पुसले आणि मलाही दाखवा म्हणाल्या. एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिल्या. "हे आम्ही एवढी वर्षं खातो?" मग काकडाच्या पातेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. "धरत नाही."

बिनकाकडाचं पातेलं त्यांनी झाकून पिशवीत ठेवलं. काकडं संपली होती. घरी चिंच होती.