आत्याच्या कुंड्यांतल्या आमरी: नाव कुठवर सांगता येतं?

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंत की एक प्रश्न आयुष्यभर पाठ सोडत नाही: "तू बॉटनीची ना? मग हे झाड कुठलं ते सांग." मला तो काळाचौकीतून आला. आत्या गेली आणि तिच्या गॅलरीतल्या अकरा आमरी, म्हणजे ऑर्किड, आमच्याकडे आल्या. काही नारळाच्या सोडणाला बांधलेल्या, काही कोळशाच्या कुंडीत. चिठ्ठी एकीवरही नाही. घरच्यांना नावं हवी होती, तीही शक्यतो रविवारपर्यंत!

ओळख पटवायला बसताना आपण आधी पानं-फुलं बघतो. मी म्हणेन, आधी माणसं गाठा. झाड पुढच्या वर्षीही फुलेल. ते कुठून आलं हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं विसरतात, घर बदलतात, जातात. काळाचौकी-लालबागच्या कितीतरी घरांचं गाव कोकणात. मे महिन्यात गावाहून परतताना आंब्या-फणसांबरोबर एखाद्या पिशवीत आंब्याच्या फांदीवरचं 'बांडगूळ'ही येतं. (आमरी बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडात मुळं घुसवून त्याचा रस ओढतं. आमरी फांदीवर नुसती बसते आणि मुळांवरच्या पांढऱ्या, स्पंजासारख्या थरातून पावसाचं पाणी टिपते.) शेजारच्या काकूंना आठवलं की दोन रोपं गावच्या आंब्यावरची, आणि जांभळ्या फुलांची तिन्ही दादरला विकत घेतलेली. बाकीच्यांबद्दल कुणालाच काही सांगता आलं नाही. मी प्रत्येक कुंडीला क्रमांक दिला आणि वहीत लिहिलं: काय कळलं, कुणी सांगितलं, कधी सांगितलं. सांगोवांगीची माहिती लिहायला हरकत नाही, फक्त ती सांगोवांगीची आहे हेही तिथेच लिहायचं.

आता झाड. फूल नसतानाही एक मोठी विभागणी करता येते. एकच खोड शेंड्याला वाढत जातं आणि दोन्ही बाजूंना पानांची ओळ येते, तो व्हॅन्डा, एराइडिस, रिंकोस्टायलिस यांचा गट. दरवर्षी बुडातून नवा फुटवा येऊन शेजारी शेजारी जाडसर खोडं उभी राहतात, तो डेन्ड्रोबियमसारख्यांचा. सह्याद्रीतल्या काही डेन्ड्रोबियमची पानं थंडीत गळतात आणि फुलं त्या उघड्या काड्यांवर येतात. वारशात मिळालेली किती रोपं 'मेलं' म्हणून याच दिवसांत फेकली जात असतील, देव जाणे.

खरी उत्तरं फुलात असतात. एक फूल तोडायला मन घट्ट करा. तीन गोष्टी बघा: ओठ (वेगळ्या घडणीची ती एक पाकळी), तिची मागची पिशवी किंवा शुंडिका, आणि परागपुंज. आमरीचे परागकण सुटे नसून मेणासारख्या गोळ्यांत असतात. टूथपिक फुलाच्या मधल्या स्तंभाच्या टोकाला हलकेच लावा. व्हॅन्डाच्या गटात दोन गोळ्या, देठ आणि चिकट चकती असा सगळा संच टूथपिकला चिकटून येतो, कीटकाला चिकटतो तसाच. डेन्ड्रोबियममध्ये चार गोळ्या असतात, देठाविना. शिवाय फुलाखाली हनुवटीसारखा फुगवटा दिसतो. पिशवीचंही असंच. सीतेची वेणी, म्हणजे रिंकोस्टायलिस रेटुसा, हिची पिशवी बाजूंनी चपटलेली आणि मागे वळलेली. एराइडिसची शुंडिका साधारणपणे पुढे, ओठाखाली वळते. लांबून दोन्हींचे गुलाबी गजरे सारखेच वाटतात.

म्हणूनच बोलीभाषेतल्या नावावर भिस्त ठेवू नका. 'सीतेची वेणी' लोक एकाहून अधिक आमरींना म्हणतात. 'रास्ना'चा घोळ तर प्रसिद्धच आहे: कुठे ती व्हॅन्डा टेसेलाटा, कुठे कोष्ठकोळिंजनाचा कंद, कुठे तिसरंच झुडूप. शास्त्रीय नावंही बदलतात. जुन्या पुस्तकांतली व्हॅन्डा रॉक्सबर्घाय म्हणजेच आजची व्हॅन्डा टेसेलाटा. दोन पुस्तकांत दोन नावं दिसली की दोन जाती असतील असं समजू नका, आधी समानार्थी नावांची यादी बघा.

मुंबईकरांचं एक नशीब म्हणजे धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजात १९०६ पासून असलेलं ब्लॅटर हर्बेरियम. आधी परवानगी घेऊन तिथल्या वाळवलेल्या नमुन्यांशी तुलना करता येते. जाताना रंगीत फोटो आणि रंगाची नोंद न्याच, कारण वाळल्यावर रंग जातो, आणि डेन्ड्रोबियम बार्बाट्युलम पांढरं-गुलाबीसर की ओव्हॅटम पिवळसर, इथे रंग कामाचा असतो. सोबत सांतापाव आणि कपाडिया यांचं 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' (१९६६). यातली किल्ली, म्हणजे दोन-दोन पर्यायांतून एक निवडत नावापर्यंत नेणारी प्रश्नमाला, मुंबई इलाख्यात सापडणाऱ्या आमरींची आहे. इथेच सापळा आहे. किल्ली कधीच 'मला माहीत नाही' म्हणत नाही. नर्सरीतला परदेशी संकर तिच्यात घातलात तरी ती निमूटपणे कुठल्यातरी स्थानिक जातीचं नाव हातात ठेवते. आलेलं नाव जातीच्या पूर्ण वर्णनाशी ताडून पाहिल्याशिवाय ते उत्तर नव्हेच.

आणि संकर पुष्कळ असतात. माणसाने केलेला पहिला आमरी-संकर १८५६ मध्ये फुलला. आज लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नोंदवहीत एक लाखाहून अधिक आहेत. चिठ्ठी हरवलेल्या संकराचे आई-बाप रूपावरून सांगणं जवळजवळ अशक्य. "मग डीएनए करू की!" असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच. वनस्पतींसाठी rbcL आणि matK ही जनुकं बारकोड म्हणून २००९ मध्ये सुचवली गेली, म्हणजे आरबीसीएल आणि मॅटके. दोन्ही हरितलवकातली. हरितलवक आमरींत सहसा आईकडून येतं, त्यामुळे संकराची तपासणी केली तर यंत्र आईकडची जात सांगेल आणि बापाबद्दल गप्प बसेल. त्यासाठी केंद्रकातला आयटीएससारखा भाग घ्यावा लागतो. कुठलं जनुक कुठून येतं हे न बघता नमुना पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात.

नाव अचूक मिळालं तरी गाव मिळत नाही. सीतेची वेणी सह्याद्रीत आहे, आसामातही आहे (तिथलं ते राज्यफूल, 'कोपौ फूल'), पुढे आग्नेय आशियातही. जात तीच असली म्हणून कुंडीतलं रोप कोकणातलंच, असं ठरत नाही. तेव्हा अशी रोपं 'परत निसर्गात' म्हणून घाटात नेऊन बांधू नका, आणि त्यांच्यावरून जातीच्या आढळाची नोंद तर अजिबात छापू नका.

आत्याच्या अकरांपैकी तीन सीतेच्या वेण्या, एक व्हॅन्डा टेसेलाटा, दोन डेन्ड्रोबियम बार्बाट्युलम. गावच्या आंब्यावरची ती हीच दोन, 'काकूंच्या आठवणीप्रमाणे'. दादरच्या तिघींवर लिहिलंय: 'डेन्ड्रोबियम, संकर, पालक अज्ञात'. आतेभाऊ वैतागला, "एवढं करून अज्ञातच?" हो. उरलेल्या दोन अजून फुललेल्या नाहीत. त्यांच्या चिठ्ठीवर 'व्हॅन्डाचा गट' एवढंच आहे, पुढची जागा कोरी.