पक्षाघातानंतर : रक्तातील खुणा आणि काळाचे माप

बंगळूर शहराच्या वायव्य भागातील यशवंतपूर हे महाराष्ट्रातील प्रवाशांना रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून परिचित आहे. ह्याच भागाला लागून, १९०९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार असून त्या आवारात मेंदू-संशोधनाचे एक केंद्र आहे. त्या केंद्राने हाती घेतलेले काम वरवर पाहता अगदी साधे वाटते. कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्याच्या खेड्यांतील ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या हजारो स्त्रीपुरुषांची, तसेच बंगळुरातील काही नागरिकांची, स्मरणशक्ती, रक्त व मेंदूची चित्रे ठराविक काळाने पुनःपुन्हा तपासावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील महत्त्वाचा शब्द ‘पुनःपुन्हा’ हा होय. मेंदू वयाबरोबर कसा बदलतो, हे एका दिवसाच्या तपासणीवरून कळत नाही. मग ज्या मेंदूवर अकस्मात आघात झाला, तो पुढे कसा सावरतो, हे तरी एकाच तपासणीने कसे कळावे?

असा आघात म्हणजे पक्षाघात. लोक त्यालाच अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतात. मेंदूला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीने बंद पडते, किंवा ती फुटून रक्तस्राव होतो, आणि त्या भागाचे काम थांबते. मोठी रोहिणी बंद पडली व उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटास सरासरी १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज अमेरिकेतील वैद्य जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. पहिल्या काही तासांच्या उपचारांस एवढे महत्त्व आहे, ते ह्यामुळेच. मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या एका पाहणीत पक्षाघात झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे तीस रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावल्याचे आढळले. उरलेल्या सत्तरांच्या घरी मात्र त्यानंतर एकच प्रश्न उरतो : हात पुन्हा उचलेल काय, वाचा परत येईल काय?

रक्तात काय शोधतात

पूर ओसरल्यानंतर नदीकाठी अडकलेल्या वस्तूंवरून वरच्या गावात काय वाहून गेले, हे जाणता माणूस ताडू शकतो. मेंदूच्या बाबतीत शास्त्रज्ञ हेच करतात. पेशी फुटल्या म्हणजे त्यांच्यातील प्रथिने थोड्या प्रमाणात रक्तात उतरतात. अशा प्रथिनांना ‘जैवसूचक’ म्हणतात. त्यांचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की ते पिकोग्रॅममध्ये मोजावे लागते. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा भाग. एकेक रेणू मोजू शकणाऱ्या नव्या पद्धतींमुळेच हे काम हातावरच्या साध्या रक्ताच्या नमुन्यातून करणे शक्य झाले आहे.

ह्या सूचकांपैकी तिघांची कामगिरी ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिले, मेंदूतील आधारपेशींचे तंतुमय प्रथिन, ‘जीएफएपी’ ह्या नावाने ओळखले जाणारे. रक्तस्राव झाला असता ते पहिल्या काही तासांतच झपाट्याने वाढते. गुठळीने रोहिणी बंद पडली असता ते सावकाश वाढते. दुसरे, ‘न्यूरोफिलामेंट’ हे प्रथिन. मज्जापेशीपासून निघणाऱ्या लांब तंतूला आतून आधार देणाऱ्या सांगाड्याचा ते भाग असते, आणि तंतू तुटू लागले म्हणजे रक्तात येते. तिसरे, ‘सी-प्रतिक्रियाशील प्रथिन’. हे मेंदूतून येत नाही, यकृतात तयार होते. न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते १९३० मध्ये प्रथम आढळले. शरीरात कोठेही दाह किंवा संसर्ग झाला की ते वाढते. पक्षाघाताच्या रुग्णास गिळणे कठीण जाऊन अन्नकण श्वासनलिकेत शिरल्यास फुप्फुसाचा दाह होतो. अशा वेळी ह्या प्रथिनाचा उपयोग इशाऱ्यासारखा होतो.

आकड्याला तारीख हवी

ह्या प्रत्येक सूचकाचे वेळापत्रक निराळे असते. काही सूचक काही तासांत चढतात व काही दिवसांत उतरतात. न्यूरोफिलामेंटचे तसे नाही. ते पहिल्या दिवशी थोडेच वाढलेले असते, पुढे दिवसेंदिवस चढत जाते, काही आठवड्यांनी शिखर गाठते आणि नंतर कित्येक महिन्यांत हळूहळू खाली येते. ह्याचा अर्थ असा की, एकच आकडा दुसऱ्या दिवशी मिळाला तर त्याचा अर्थ एक, आणि विसाव्या दिवशी मिळाला तर अगदी वेगळा. आघाताची वेळ व रक्त घेतल्याची वेळ ही दोन्ही लिहिलेली नसतील, तर मोजमाप कितीही अचूक असले तरी ते अर्धेच राहते.

ह्या मोजमापास मर्यादाही आहेत. न्यूरोफिलामेंट वयाबरोबर वाढते, मूत्रपिंडे दुबळी झाली असता वाढते, आणि हातापायांतील मज्जातंतूंना इजा झाली तरीही वाढते. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान पक्के करण्यास ट्रोपोनिनची चाचणी जशी उपयोगी पडते, तशी पक्षाघातासाठी सर्वमान्य झालेली एकही रक्तचाचणी आज नाही. रक्तातील खुणा नुकसान किती झाले ते सांगू लागल्या आहेत. शरीर काय परत मिळवील, ते त्यांच्याकडून पूर्णपणे कळत नाही.

सुधारणेचे मोजमाप

म्हणून रक्ताबरोबर माणसाच्या व्यवहाराचेही मोजमाप करावे लागते. ग्लासगो येथील वैद्य जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये अपंगत्वाच्या पायऱ्या आखल्या. त्यांच्या आजच्या सुधारलेल्या रूपात शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही, आणि सहा म्हणजे मृत्यू. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये फ्लोरेन्स महोनी व डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ मध्ये जेवणे, कपडे घालणे, जिना चढणे अशा दहा कामांवरून शंभर गुणांचे एक माप प्रसिद्ध केले. अशी मापे साधी आहेत, परंतु एकाच मापाने पुनःपुन्हा मोजले तरच प्रगती दिसते.

ह्याची मोठी कसोटी भारतातच झाली. रुग्णाच्या घरच्या माणसांना व्यायाम शिकवून घरीच पुनर्वसन करून घेतल्यास रुग्ण अधिक सुधारेल, असे अनेकांस वाटत होते. देशातील १४ रुग्णालयांमधील १२५० रुग्णांवर हा प्रयोग करण्यात आला व २०१७ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर मृत अथवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७ इतकेच भरले. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नसता, तर निसर्गतः होणारी सुधारणा शिकवणीच्या नावावर जमा झाली असती. निष्कर्ष निराशाजनक असला तरी त्याने खरी वस्तुस्थिती दाखविली, आणि अधिक चांगल्या उपायाचा शोध घेणे भाग पाडले.

परत न येणारे रुग्ण

अशा अभ्यासापुढील सर्वांत मोठी अडचण प्रयोगशाळेत नसते, ती प्रवासात असते. बेळगावकडील एखाद्या कुटुंबास बंगळूरला तपासणीसाठी यायचे, तर सुमारे सहाशे किलोमीटरचे अंतर. यशवंतपूरच्या फलाटावर एक अंग लुळे पडलेल्या माणसाला गाडीतून उतरवून घेण्यास दोन माणसे लागतात, आणि त्या दोघांची मजुरी बुडते. साहजिकच पुष्कळ जण परत येत नाहीत. न येणाऱ्यांत अगदी बरे झालेले असतात, तसेच अंथरुणाला खिळलेले व दगावलेलेही असतात. केवळ आलेल्यांची सरासरी काढली, तर उत्तर चुकते. रँकिनची पायरी दूरध्वनीवरून विचारून घेता येते. रक्ताचा नमुना मात्र तसा घेता येत नाही. म्हणून गावाजवळच्या दवाखान्यात नमुना घेऊन तो थंड ठेवून पाठविण्याची सोय जेथे आहे, तेथील नोंदी अधिक पूर्ण राहतात.

घरच्या माणसांच्या हाती ह्यात मोलाचे काम आहे. आघात किती वाजता झाला, रुग्ण आधारावाचून प्रथम कधी बसला, पहिला स्पष्ट शब्द कोणत्या दिवशी उच्चारला, ह्याची तारीखवार नोंद एका वहीत ठेवावी आणि प्रत्येक तपासणीस ती बरोबर न्यावी. वैद्यास प्रयोगशाळेचा आकडा कागदावर मिळतो. त्याचा अर्थ लावण्यास लागणारा काळ मात्र त्या वहीतच सापडतो.