जाहिरातीतलं जबलपूर

नागपूरहून सकाळी जबलपूरला निघायचं आणि गाडीतला रेडिओ ९४.३ वर लावून ठेवायचा. कामठी, कन्हान, मनसरपर्यंत माय एफएम ठणठणीत ऐकू येतं. सीताबर्डीतला साड्यांचा सेल, धरमपेठेतला क्लास. पेंचच्या जंगलाकडे रस्ता सरकला की आवाजाला खरखर लागते आणि खवासा ओलांडून मध्य प्रदेशात शिरेपर्यंत नुसती घरघर उरते. तरी बटणाला हात लावायचा नाही. सिवनी गेलं, लखनादौन गेलं. बरगी मागे पडता पडता त्याच ९४.३ वर माय एफएम पुन्हा बोलायला लागतं. नाव तेच, आकडा तोच, स्टेशनची धूनही ओळखीची. पावणेतीनशे किलोमीटर येऊनही नागपूर सुटलंच नाही, असं वाटावं. तेवढ्यात जबलपूरचा पत्ता सांगणारी जाहिरात लागते, ‘बडे फुहारे के पास’. पोचलो.

असंच ९८.३ चं. मिर्ची नागपुरातही त्याच आकड्यावर आणि जबलपुरातही. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पन्नास-साठ किलोमीटरनंतर विरतात, त्यामुळे दोन शहरांनी एकच आकडा वापरला तरी भांडण होत नाही. कंपनीचं तर त्यात भलंच असतं, कारण देशभर एकच पाटी रंगवता येते. पण मग स्टेशनचं नाव हे गावाचं नाव राहत नाही. ऐकणारा कुठे आहे, ते गाणं सांगत नाही, निवेदक क्वचितच सांगतो. सांगते ती जाहिरात.

रेडिओच्या जन्मी हे काम अक्षरांकडे होतं. प्रत्येक प्रक्षेपकाला कॉल साइन मिळे, आणि तिची सुरुवातीची अक्षरं आंतरराष्ट्रीय वाटपातून ठरत. भारताच्या वाट्याला व्हीटी ते व्हीडब्ल्यू ही मालिका आली. त्यामुळे मुंबई व्हीयूबी, कलकत्ता व्हीयूसी, दिल्ली व्हीयूडी, मद्रास व्हीयूएम. लाहोरचं केंद्र १९३७ साली आधी निघालं म्हणून एल त्यानं पटकावला, आणि पुढच्या वर्षी आलेल्या लखनौला डब्ल्यूवर समाधान मानावं लागलं. ‘इंडियन लिसनर’ या पाक्षिकात कार्यक्रमांच्या वर ही अक्षरं आणि मीटरचा आकडा छापलेला असे. अमेरिकेत आजही प्रत्येक तासाच्या तोंडाशी स्टेशनला आपली अक्षरं आणि गाव उच्चारावं लागतं. आपल्याकडे मात्र अक्षरं कागदावरच राहिली. दुकान एकच असेल तर पाटी कशाला? ८ जून १९३६ ला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं, पुढे त्याचं ‘आकाशवाणी’ झालं, आणि मग निवेदक संपूर्ण वाक्यच बोलू लागला: हे आकाशवाणीचं अमुक केंद्र आहे. मराठीनं त्यात अक्षरं घातली ती आपली. मुंबई अ, मुंबई ब, नागपूर अ. शाळेतल्या तुकड्यांसारखी.

गंमत म्हणजे कॉल साइन हा शब्द ज्या गावांत अजून रोजच्या वापरात असेल, त्यांत जबलपूर नक्की येईल. लष्कराच्या कोअर ऑफ सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, तारखात्याची मोठी प्रशिक्षण संस्थाही इथेच. बिनतारी संदेश शिकायला देशभरातून पोरं या गावात येत. आकाशवाणी जबलपूरच्या निवेदकाला मात्र कधी अक्षरं उच्चारावी लागली नाहीत. मीडियम वेव्हवर ८०१ किलोहर्ट्झ, आणि ‘आकाशवाणी का जबलपुर केंद्र’, बस्स.

हे केंद्र निघण्याआधी जबलपूरचं रेडिओ केंद्र म्हणजे नागपूरच. १६ जुलै १९४८ ला नागपूर केंद्र सुरू झालं तेव्हा दोन्ही शहरं मध्य प्रांत आणि वऱ्हाड या एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. भोसल्यांच्या अमलापासून जबलपुरात मराठी घरं आहेत, त्यांना हा धागा उगाच जोडलेला वाटणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, नागपूर मुंबई राज्यात गेलं.

आणखी अकरा वर्षांनी, त्याच तारखेला, १ नोव्हेंबर १९६७ ला, आकाशवाणीवर पहिल्यांदा जाहिराती वाजल्या. विविध भारतीवर, आणि प्रयोगासाठी निवडलेली केंद्रं होती मुंबई, पुणे आणि नागपूर. म्हणजे या देशाच्या सरकारी रेडिओला जाहिरातीची सवय मराठी मुलखात लागली.

सवय लागायला इतका उशीर का झाला, त्यातही एक मराठी माणूस आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते. पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते काय करणार? त्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानींची बिनाका गीतमाला तिथून सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि लहरींवरून परत भारतात यायची. बिनाका टूथपेस्ट इथे खपायची, गाणी इथली, ऐकणारे इथले. भाडं फक्त सिलोनला. १९५७ मध्ये विविध भारती आली खरी, पण बिनाजाहिरातीची. पुढे अशोक चंदा समितीनं जाहिरातींची शिफारस केली तेव्हा कुठे दार उघडलं.

त्या दारातून आलेली यंत्रणा मोठी कौतुकाची आहे. विविध भारतीचा मुख्य कार्यक्रम मुंबईत बोरिवलीहून निघतो. त्यात ठरलेल्या ठिकाणी जागा मोकळी सोडलेली असते. आपापल्या केंद्रावर बसलेला माणूस क्यू ऐकतो, मुंबईचा फेडर खाली घेतो, आपल्या शहराच्या जाहिराती वाजवतो आणि सेकंद मोजत परत मुंबईला वर आणतो. ज्याच्याकडे जाहिरात नाही तो तेवढ्यापुरती धून वाजवतो. हात एका क्षणानं चुकला की गाण्याचा पहिला शब्द गेलाच. आम्ही लहानपणी अशा अर्ध्या तुटलेल्या मुखड्यांवरूनच गाणी ओळखायला शिकलो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तर देशभर एकच कार्यक्रम चालू असताना गावं वेगळी होत ती या फटीत.

खाजगी एफएमवर फेडरचं काम संगणकानं घेतलं. तिथली भाषाही निराळी. स्टेशनचं नाव घेणारा तुकडा म्हणजे स्वीपर, विकायला ठेवलेला वेळ म्हणजे एफसीटी, आणि एफसीटी सेकंदावर विकतात. दहा सेकंदांत हिंदीतले पंचवीसेक शब्द बसतात. त्यातले सात-आठ पत्त्यालाच जातात, आणि ते कुणी कापत नाही. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीत पत्ता नसतो, कारण तिला गाव नसतं. पण राइट टाउनचा दातांचा दवाखाना, गोरखपूरचं फर्निचर, रांझीतला कोचिंग क्लास यांना ‘कुठे’ हेच सांगायचं असतं. गोलबाजार, नेपियर टाउन, गढा, अधारताल, सिव्हिक सेंटर: दुपारभर रेडिओ ऐकला तर परक्या माणसाच्या डोक्यात जबलपूरचा नकाशा उभा राहतो, तोही दुकानदारानं काढलेला. खाणाखुणांसकट. ‘के सामने’, ‘के बगल में’, ‘वाली गली’.

खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. वाहतूक, हवामान, गावातले कार्यक्रम असं काही सांगता येतं. महापालिकेत काय झालं, हे आरजे फार तर चेष्टेत सुचवतो. म्हणून मोहल्ल्यांची नावं हवेत राहतात ती पैसे भरून. मला हे थोडं खटकतं. ज्या भागात दुकानं नाहीत, तो भाग या नकाशात नाही.

परतीच्या वाटेवर बरगी मागे पडली की ९४.३ खरखरायला लागतं. शेवटचं ऐकू आलं ते एका दागिन्यांच्या दुकानाचं नाव, आणि पत्ता ‘गोलबाजार मे...’ इथे तुटला. मग लखनादौन, सिवनी, खवासा, घरघर. मनसरला चहाला थांबलो तेव्हा टपरीवरच्या रेडिओत कुणीतरी मराठी-हिंदी मिसळून सीताबर्डीचा रस्ता समजावून सांगत होतं.