जुन्या विमानांचे प्रेम आणि प्रवाशांचे प्राण

४ ऑगस्ट २०१८ रोजी, दुपार कलत असताना, स्वित्झर्लंडमधील पिझ सेग्नास शिखराजवळच्या एका खोलगट दरीत तीन इंजिनांचे एक विमान जवळजवळ सरळ रेषेत खाली कोसळले. विमानात सतरा प्रवासी, दोन वैमानिक आणि एक हवाईसेविका होती. विसांपैकी एकही जण वाचला नाही. विमान-अपघात जगाला नवे नाहीत. परंतु या अपघाताने उभा केलेला प्रश्न निराळ्या जातीचा होता. कोसळलेले विमान १९३९ साली बांधलेले होते. त्याचे वय एकूणऐंशी वर्षांचे होते, आणि त्यात बसलेल्यांनी तिकिटाचे पैसे मोजले होते ते नेमके त्या वयासाठीच.

विमान होते जर्मन बनावटीचे युंकर्स यू-५२. १९३२ साली तीन इंजिनांच्या रूपात आकाशात झेपावलेले हे विमान आपल्या पन्हाळी पत्र्याच्या अंगामुळे दुरूनही ओळखू येई. सतरा प्रवासी नेणारे हे विमान तीसच्या दशकात लुफ्तहान्साचा मुख्य आधार होते. पुढे महायुद्धात त्याच विमानाने सैनिकांची आणि रसदीची वाहतूक केली. सुमारे पावणेपाच हजार विमाने बांधली गेली, त्यांतील उडण्याजोगी राहिली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जर्मन भाषकांनी त्याला ‘यू मावशी’ असे लाडके नाव दिले. यंत्राला नात्याचे नाव मिळाले की त्याच्याविषयी कठोर बोलणे अवघड होऊन बसते, हे या प्रकरणात पुढे दिसून आले.

स्विस हवाई दलाने १९३९ मध्ये अशी तीन विमाने विकत घेतली आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ वापरली. १९८१ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा ती मोडीत जाऊ नयेत म्हणून लोकांनी वर्गणी जमवली. डुबेनडोर्फच्या हवाई दल संग्रहालयाच्या मित्रमंडळाने ‘यू-एअर’ ही संस्था उभारली व प्रवाशांना आल्प्सवरून फिरवून आणण्यास प्रारंभ केला. पस्तीस वर्षे हा उपक्रम चालला. त्यासाठी झिजलेल्या माणसांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. किंबहुना, निष्ठा अपुरी पडत नाही तेव्हाही काय अपुरे पडू शकते, हेच येथे पाहावयाचे आहे.

जुने प्रवासी विमान उड्डाणक्षम ठेवणे म्हणजे काय, याची सामान्य वाचकास सहसा कल्पना नसते. घरातले जुने घड्याळ चालू ठेवावे तसे ते नाही. विमानाचे पंख प्रत्येक उड्डाणात थोडे वाकतात व पुन्हा सरळ होतात. हजारो वेळा असे झाले की धातू थकतो; थकलेल्या धातूला प्रथम केसासारखी चीर पडते, आणि ती नेमकी अशा ठिकाणी पडते की जेथे नजर पोचत नाही. यू-५२ च्या पंखांना आतून तोलून धरणाऱ्या पोकळ दांड्यांचा बाहेरचा रंग तजेलदार असला तरी आतल्या बाजूने गंज धरू शकतो. तो पाहावयाचा तर पंख उघडावा लागतो. पंख उघडणे म्हणजे महिनोन्‌महिने विमान जमिनीवर, आणि जमिनीवरच्या विमानाला तिकिटे कोणी काढत नाही.

त्यात सुट्या भागांची अडचण. नवे विमान घेणाऱ्याला ते बांधणारी कंपनी आयुष्यभर पत्रके पाठवीत राहते: अमुक भाग अमुक तासांनी बदला, तमुक जोड तपासा. युंकर्सचा मूळ कारखाना केव्हाच इतिहासजमा झाला. त्याच्या बीएमडब्ल्यू इंजिनांचे भाग दशकानुदशके कोणी बनवीत नाही. असे विमान कायद्याच्या दृष्टीने अनाथ होय. युरोपच्या सामाईक विमान-नियमांतूनही अशा ऐतिहासिक विमानांना वगळण्यात आले असून त्यांची देखरेख त्या त्या देशाच्या खात्यावर सोपवली आहे. मग एखादा झिजलेला भाग नव्याने घडवायचा तर मूळ भागाची मापे घेऊन तसा दुसरा करावयाचा, त्याच्या धातूची परीक्षा करावयाची, आणि हे सर्व कोणी, केव्हा, कशावरून केले याची नोंद ठेवावयाची. अनाथ विमानाचे पालकत्व या नोंदवहीकडे असते.

आणि हे सारे करावयास पैसा लागतो. येथेच या उद्योगाची खरी कोंडी आहे. विमान उडते राहावे म्हणून पैसा हवा. पैसा मिळतो तो प्रवाशांकडून. प्रवासी न्यावयाचे तर उड्डाणे वाढतात. उड्डाणे वाढली की विमान आणखी झिजते, आणि झिजलेल्या विमानाला आणखी पैसा हवा. संग्रहालयातील वस्तू जपली जाते ती न वापरल्यामुळे. येथे जपणूक आणि झीज एकाच व्यवहाराच्या दोन बाजू झाल्या. अपघातात नष्ट झालेल्या विमानाचे दहा हजारांहून अधिक तास उड्डाण झालेले होते.

स्विस अपघात-चौकशी मंडळाचा अंतिम अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विमान जुने होते म्हणून पडले, असा सोपा निष्कर्ष त्याने काढला नाही. दोन्ही वैमानिक हवाई दलातून आलेले, अनुभवी होते. तरीही त्यांनी विमान त्या दरीत कमी उंचीवरून नेले. परत वळण्यास जागा उरली नाही. डोंगरात अपेक्षित असणाऱ्या हवेच्या खळबळीत ते सापडले, आणि विमान ताब्यात राहिले नाही. वजनाची विभागणीही अशी झाली होती की गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला होता. सुरक्षिततेचे सर्वमान्य नियम बाजूस सारून धोका पत्करण्याची या वैमानिकांना सवय जडली होती, असे मंडळाने स्पष्ट म्हटले.

विमानाच्या यांत्रिक दोषांमुळे अपघात झाला नाही, असेही अहवाल सांगतो. मात्र म्हणून ते दोष क्षुल्लक ठरत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्येच मंडळाने कळवले होते की पंखांचे दांडे आणि जोड यांवर गंज व चिरा आढळल्या. नव्याने घडवलेले किंवा दुरुस्त केलेले काही भाग सदोष होते, आणि त्यांची पुरेशी कागदपत्रे नव्हती. म्हणजे त्या दुपारी विमान डोंगरावर आदळले नसते, तरी ते नियमाच्या अर्थाने उड्डाणयोग्य नव्हतेच. अपघात झाला नसता तर हे कदाचित कोणाच्या ध्यानीही आले नसते. अहवालातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे.

आता प्रश्न असा की हे कोणाच्याच दृष्टीस का पडले नाही? देशाच्या विमानवाहतूक खात्याचे निरीक्षक येत होते, कागदांवर शिक्के उमटत होते. मंडळाने त्या देखरेखीलाही अपुरी ठरवले. याचा अर्थ निरीक्षक अप्रामाणिक होते असा घेण्याची आवश्यकता नाही. जे विमान सबंध देशाच्या कौतुकाचा विषय आहे, ज्याची निगा हवाई दलातून निवृत्त झालेली नामवंत माणसे राखतात, त्याच्या पोटात हात घालून ‘हे बंद करा’ असे सांगण्यास वेगळेच धैर्य लागते. अपघातानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, १७ ऑगस्टला, उरलेल्या विमानांची उड्डाणे अधिक उंची राखणे, प्रवाशांनी पट्टे बांधून बसणे अशा अटींवर पुन्हा सुरू झाली होती. नोव्हेंबरमध्ये गंजाचा तपशील पुढे आला, तेव्हा ती थांबवण्यात आली. मार्च २०१९ मध्ये खात्याने निर्णय दिला: या विमानांतून व्यापारी तत्त्वावर प्रवासी नेता येणार नाहीत, संस्थेच्या सभासदांना, धोका ओळखून, खासगी उड्डाणात जाता येईल. यू-एअरची प्रवासी उड्डाणे पुन्हा सुरू झाली नाहीत.

हा निर्णय उशिराचा असला तरी योग्य होता. त्यामागील भेद नीट समजून घेण्यासारखा आहे. तिकीट काढणारा मनुष्य विमानाची परीक्षा करीत नाही. ती कोणीतरी केली आहे या विश्वासावर तो आत बसतो. रोजच्या विमानसेवेकडून तो जी हमी गृहीत धरतो, तीच तो या वृद्ध विमानाकडूनही गृहीत धरतो; खिडकीशेजारच्या खुर्चीत बसून डोंगर पाहताना त्याच्या मनात दुसरे काही येत नाही. सभासदाची गोष्ट वेगळी. त्याने हँगरमध्ये ते विमान उघडलेले पाहिलेले असते, त्याच्या व्याधी त्याला ठाऊक असतात. त्याने स्वतःचा जीव धोक्यात घालावा की नाही हा त्याचा अधिकार होय. अज्ञात माणसाच्या वतीने तो धोका पत्करण्याचा अधिकार मात्र कोणत्याही प्रेमाने प्राप्त होत नाही.

याच्या विरुद्ध बाजूनेही बोलता येते, आणि ती बाजू दुबळी नाही. संग्रहालयात ठेवलेले विमान हे केवळ कवच असते, असे यंत्रज्ञ म्हणतात. इंजिन फिरत नसले की त्याची तेलनळी सुकते, रबर कडक होते. आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे ते चालवणारे हात नाहीसे होतात. तारेच्या ताणावरून, इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा मनुष्य पुस्तकातून घडत नाही. उडते विमान हे अशा माणसांची शाळाच असते. ही शाळा बंद पडू नये, हे म्हणणे मान्य केलेच पाहिजे.

पण शाळा चालवण्याचा खर्च कोणाला पेलतो, तेही पाहावे. लुफ्तहान्सासारख्या धनाढ्य कंपनीच्या प्रतिष्ठानने १९३६ सालचे आपले यू-५२ १९८४ मध्ये अमेरिकेतून परत विकत घेतले, नव्याने उभे केले आणि १९८६ पासून तीन दशकांहून अधिक काळ उडवले. कारखाना हाताशी, अभियंते हाताशी. तरी २०१९ मध्ये कंपनीने ही प्रवासी उड्डाणे थांबवली. तिचा दुसरा प्रयोग तर अधिक बोलका आहे. लॉकहीड स्टारलायनर या अवघ्या ४४ संख्येत बांधल्या गेलेल्या विमानांपैकी तीन विमाने तिने २००७ मध्ये लिलावात घेतली. २००८ पासून अमेरिकेतील मेन राज्यात त्यांतील एक उड्डाणक्षम करण्याचे काम चालले. दहा वर्षे गेली, कोट्यवधी युरो खर्ची पडले, आणि २०१८ मध्ये काम थांबवण्यात आले. एकदाही न उडता ते विमान सुटे करून जहाजाने जर्मनीला नेण्यात आले. जिला परवडावयास हवे तिलाच परवडले नाही.

उलट ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांच्या एका संस्थेने लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन जातीचे, अमेरिकन हवाई दलाने टाकून दिलेले विमान ॲरिझोनाच्या वाळवंटातून उचलले, सुट्यांच्या दिवसांत राबून दुरुस्त केले आणि १९९६ साली पॅसिफिक ओलांडून सिडनीला उतरवले. या विमानाची चार इंजिने प्रत्येकी अठरा सिलिंडरांची आहेत, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. म्हणजे नुसते प्लग तपासावयाचे तरी एकशे चव्वेचाळीस. ज्या उच्च प्रतीच्या पेट्रोलसाठी ती इंजिने घडवली गेली ते आता मिळत नाही, म्हणून पूर्ण ताकद न लावता ती चालवावी लागतात. एवढे कष्ट घेऊनही त्यांचे विमान मुख्यतः विमान-मेळाव्यांत लोकांनी खालून पाहण्यासाठी उडत आले. वर जातात ते ज्यांच्या हाताला त्याचे तेल लागले आहे ते. जमिनीवरून पाहणाऱ्याचा आनंद त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

म्हणून तोडगा अगदीच अशक्य कोटीतला नाही. अनाथ विमानांना उडू द्यावे. तिकिटांच्या उत्पन्नावर त्यांचे पोट भरू नये. त्यासाठी संग्रहालयांना सरकारने किंवा उद्योगांनी नियमित अनुदान द्यावे, कारण ठराविक तासांनी पंख उघडण्याचा खर्च वर्गणीच्या लहरीवर सोडता येत नाही. नव्याने घडवलेल्या प्रत्येक भागाची नोंद बाहेरच्या अभियंत्याने तपासावी. आणि निरीक्षकांची अदलाबदल व्हावी: एकच अधिकारी वीस वर्षे त्याच विमानाच्या चहाच्या टेबलाशी बसू लागला की तो नातलगच होतो.

भारतात हा प्रश्न अजून मोठ्या प्रमाणावर उभा नाही, पण अगदी अपरिचितही नाही. नागपूरकरांच्या जुन्या पिढीला डाकोटाची घरघर आठवत असेल. १९४९ पासून चारी महानगरांची टपाल-विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत. तसेच एक डाकोटा, १९४४ साली बांधलेले, ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन एप्रिल २०१८ मध्ये कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने उडत भारतात आले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला प्रथम उतरलेल्या डाकोटाचा व्हीपी-९०५ हा क्रमांक त्याला देण्यात आला व मे २०१८ मध्ये ते हवाई दलाच्या ऐतिहासिक विमानांत दाखल झाले. त्यात बसण्यासाठी तिकीट विकले जात नाही. डाकोटा दहा हजारांहून अधिक बांधली गेली असल्याने त्याच्या सुट्या भागांची टंचाईही यू-५२ इतकी बिकट नाही.

त्याच्याही आधीचे एक उदाहरण मुंबईच्या जुहूचे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने तेथे उतरले होते. त्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच मार्ग लेपर्ड मॉथ या तीसच्या दशकातील विमानातून पुन्हा कापला. जुहूला त्यांच्या स्वागतासाठी लोक जमले होते. विमानात मात्र त्यांच्यावाचून दुसरे कोणी नव्हते.