एका टोपीपायी

दुकानात गेलात, गल्ल्यासमोर एक केसाळ कातडं ठेवलंत आणि म्हणालात, "काका, याच्या दोन कात्र्या द्या," तर काका तुम्हाला काही न बोलता थेट तुमच्या आईला फोन लावतील! पण कॅनडात हडसन उपसागराच्या काठावर तीनशे वर्षांपूर्वी अगदी असाच व्यवहार चालायचा. तिथे सगळा भाव बीव्हरमध्ये सांगायचे. हिवाळ्यात धरलेल्या पूर्ण वाढीच्या बीव्हरचं एक उत्तम कातडं, हा तिथला रुपया. १७३३ सालच्या एका दरपत्रकात एका कातड्याला माशांचे २० गळ किंवा २ कात्र्या असे भाव आहेत.

दुकान होतं हडसन बे कंपनीचं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने तिला १६७० मध्ये सनद दिली. हा राजा आपल्या ओळखीचा आहे बरं का! पोर्तुगीजांकडून लग्नात आंदण मिळालेली मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, ती यानेच, १६६८ मध्ये.

आता तुम्ही विचाराल, त्या बीव्हरमध्ये असं होतं तरी काय? बीव्हर म्हणजे उंदीर-खारींच्या कुळातला, पण चांगला २०-२५ किलो वजनाचा प्राणी. दात नारिंगी, कारण त्यांच्या कवचात लोह असतं. शेपूट चपटी आणि खवल्यांची. झाडं कुरतडून पाडायची, ओढ्यावर बांध घालायचा, तळं साठलं की त्यात काटक्या-चिखलाचं घर बांधायचं आणि घराचं दार मात्र पाण्याखाली ठेवायचं, असा हा इंजिनिअर. दिवसच्या दिवस गार पाण्यात राहायचं म्हणून त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, राठ आणि चकचकीत. त्यांच्याखाली मऊ, दाट लव. बुडी मारली की या लवेत हवा अडकून राहते आणि पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही.

सगळी गंमत या आतल्या लवेत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तिच्या प्रत्येक केसाला बारीक बारीक आकडे दिसतात. अशी लव गरम पाण्यात दाबली, मळली की आकडे एकमेकांत गुंततात आणि न विणता, न शिवता घट्ट कापड तयार होतं. त्याला म्हणतात फेल्ट, म्हणजे नमदा. बीव्हरच्या फेल्टची टोपी पावसात भिजली तरी आकार सोडत नसे. सतराव्या शतकात युरोपातल्या ऐटबाज माणसाला डोक्यावर हीच टोपी हवी होती. युरोपातले बीव्हर तोवर मारून जवळजवळ संपवले होते, म्हणून मग मोर्चा वळला कॅनडाकडे.

बीव्हर पकडण्यात पटाईत होते तिथले मूळ रहिवासी, क्री, इनू आणि असे कितीतरी लोक. इनू लोकांपैकी एकाने तर सोळाशे तीसच्या दशकात एका फ्रेंच पाद्र्याची चांगलीच थट्टा केली होती. बीव्हर किती गुणाचा बघा, आम्हाला पातेली, कुऱ्हाडी, सुऱ्या सगळं करून देतो. आणि एका कातड्यापायी वीस-वीस सुऱ्या देणारे हे इंग्रज काही फार शहाणे दिसत नाहीत, असं त्याचं म्हणणं!

एकोणिसाव्या शतकात लोखंडी सापळे कारखान्यात बनू लागले आणि शिकारीचा वेग वाढला. सापळ्याची युक्ती बीव्हरच्या नाकावर चालते. बीव्हर आपल्या हद्दीवर चिखलाचे छोटे ढीग करतो आणि शेपटीजवळच्या पिशव्यांमधला उग्र वासाचा द्रव त्यांवर सोडतो. परक्याचा वास आला की मालक चौकशीला हजर! सापळेवाले हाच वास काडीला लावून काडी काठावर रोवायचे आणि तिच्या पुढ्यात, उथळ पाण्यात सापळा लपवायचे. पाय अडकला की बीव्हर घाबरून खोल पाण्याकडे झेपावायचा, पण सापळ्याची साखळी त्याला पुन्हा वर येऊ द्यायची नाही. पंधरा मिनिटं श्वास रोखणारा प्राणी लवकर बुडत नाही. वाचताना पोटात कालवलं असेल, तर ते साहजिकच आहे. मलाही हा भाग लिहायला आवडलेला नाही, पण टोपीची गोष्ट तो गाळून सांगता येत नाही.

पुढचं काम निगुतीचं. उन्हाळ्यातलं कातडं कवडीमोलाचं, कारण तेव्हा लव विरळ असते. थंडीत ती दाट होते. जाणकार कातडं उलटं करून आतली बाजू पाहतो. ती निळसर-काळपट असेल तर केस अजून वाढताहेत. फिकट सायीच्या रंगाची असेल तर माल पक्का. बीव्हरचं कातडं पोटावर उभं चिरून काढायचे. मग विलोच्या लवचिक फांदीचं मोठं कडं करून त्यात ते चारी बाजूंनी दोरीने ताणून बांधायचे. आतली चरबी आणि मांसाचे कण खरवडून टाकायचे. चरबी राहिली तर कातडं सडतं. आणि वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर. उन्हाची किंवा शेकोटीची घाई केली की कातडं कडक होऊन तडकतं. वाळल्यावर बाहेर पडायची ती गोल, ताठ चकती.

पण टोपीवाल्यांचं सर्वात लाडकं कातडं कोणतं माहीत आहे? वापरलेलं! कॅनडातले मूळ रहिवासी बीव्हरच्या कातड्यांचे झगे केसांची बाजू आत करून घालायचे. दीर्घकाळ अंगाला घासून वरचे राठ केस आपोआप गळून जायचे आणि घामा-तेलाने लव मऊ पडायची. टोपीवाल्याचं निम्मं काम फुकटात झालेलं! म्हणून घामेजलेल्या जुन्या झग्याला कोऱ्या कातड्यापेक्षा जास्त भाव. मला तर या सगळ्या व्यापारातली ही सर्वात मजेदार गोष्ट वाटते.

कातडी दाबून सुमारे ४० किलोंचे गठ्ठे बांधायचे आणि बर्चच्या सालीच्या लांबलचक होड्यांतून न्यायचे. नदीत धबधबा आला की होडी खांद्यावर, आणि एकेका नावाड्याच्या पाठीवर दोन-दोन गठ्ठे! युरोपात पोचल्यावर लव कापून काढायची आणि आपल्याकडचा पिंजारी कापूस पिंजतो तशी मोठ्या धनुष्याच्या तातेने पिंजायची. टोपी ताठ राहावी म्हणून तिला लाखेचा थर द्यायचे, आणि ही लाख जायची आपल्या भारतातल्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून. लव नीट गुंतावी म्हणून कातड्यांना पाऱ्याचं द्रावणही लावत. त्याच्या वाफांनी कारागिरांचे हात कायमचे थरथरू लागायचे. टोपी घालणाऱ्याला याचा पत्ताही नसे.

शिकार इतकी झाली, की उत्तर अमेरिकेत एके काळी कोट्यवधी असलेले बीव्हर १९०० च्या सुमाराला लाखभरच उरले असावेत. दरम्यान १८४० च्या आसपास रेशमी टोपीची टूम निघाली आणि फेल्टची मागणी घसरली. मग कायदे आले, आणि बीव्हरना नव्या ठिकाणी वसवायचे प्रयत्नही झाले. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ७६ बीव्हर खोक्यांत घालून विमानातून पॅराशूटने डोंगरात सोडले! जमिनीला टेकताच खोकं आपोआप उघडायचं. त्यातला एक बीव्हर दगावला, बाकीचे सुखरूप उतरून कामाला लागले.

आज बीव्हर पुन्हा काही दशलक्ष झाले आहेत आणि १९७५ पासून ते कॅनडाचं अधिकृत राष्ट्रचिन्ह आहेत. तिथे ठरावीक हंगामात परवाना घेऊन सापळे लावायला अजूनही मुभा आहे. हडसन बे कंपनीची शेवटची दुकानं मात्र २०२५ मध्ये बंद झाली.

फेल्ट कसं होतं ते तुम्हाला घरीच पाहता येईल, आणि त्यासाठी कुणालाही मारावं लागणार नाही. मेंढीच्या लोकरीलाही असे एकमेकांत गुंतणारे खवले असतात. घोंगडी करणाऱ्यांकडून मूठभर न कातलेली लोकर मागा, ती कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा आणि दोन्ही तळव्यांत गोल गोल फिरवत राहा. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट चेंडू होईल. स्वेटरसाठी दुकानात मिळते ती लोकर बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची असते, तिचा चेंडू होणार नाही.