स्तनग्रंथी : कांचनार गुग्गुळापूर्वीचे निदान

स्तनात गाठ असलेली रुग्णा चिकित्सालयात आली तरी गाठीविषयी प्रथम बोलत नाही. अशक्तपणा, अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी हे सारे सांगून झाल्यावर, उठता उठता, ती गाठीचा उल्लेख करते. सिंदेवाही, नागभीड, मूल या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना हा अनुभव नवा नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी कधी त्यासाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ते अध्ययन स्तनविकारांचे नव्हते, परंतु मौन तेच आहे. रुग्णा वैद्यासमोर येते तेव्हा काही महिने आधीच गेलेले असतात, आणि त्या काळात औषधालयातून आणलेला कांचनार गुग्गुळ बहुधा चालू असतो.

शार्ङ्गधरोक्त कांचनार गुग्गुळाच्या फलश्रुतीत गंडमाला, अपची, ग्रंथी व अर्बुद यांचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु समोरची गाठ ग्रंथी की अर्बुद, हे ठरविण्यापूर्वीच औषध देणे म्हणजे निदानाची पायरी गाळणे होय. गूढ लक्षणांच्या व्याधीत उपशय-अनुपशयाने परीक्षा करावी असे चरकाचार्य सांगतात. स्तनातील गाठीत मात्र या परीक्षेवर विसंबता येत नाही. काही निर्दोष गाठी औषधाविना आपोआप लहान होतात. द्रवयुक्त गाठी ऋतुचक्राबरोबर वाढतात, उतरतात. आणि घातक गाठ वेदनारहित राहून महिनोन्महिने काहीच सांगत नाही. ‘तीन महिने औषध देऊन पाहू’ या वाक्यात निर्दोष गाठीचे नुकसान थोडे, घातक गाठीचे मात्र फार मोठे आहे.

सुश्रुताचार्यांनी स्तनरोगांचे वर्णन निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात विसर्प व नाडी यांच्यासमवेत केले आहे, तर ग्रंथी व अर्बुद अकराव्या अध्यायात येतात. कन्यांच्या स्तनांतील धमन्यांची मुखे संवृत असल्याने त्यांना स्तनरोग होत नाहीत, असे तेथे म्हटले आहे. हे विधान दुग्धवह स्रोतसांच्या शोथ-पाकाच्या संदर्भातले आहे. ते गाठींना लावणे घातक ठरेल. कारण फायब्रोअॅडिनोमा ही निर्दोष गाठ सर्वाधिक आढळते ती पंधरा ते पस्तीस या वयोगटात, म्हणजे पुष्कळदा अविवाहित मुलींतच. ही गाठ रबरासारखी घट्ट, गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी व बहुधा एक ते तीन सेंटिमीटरची असते. सोनोग्राफी व आवश्यक तेथे सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी करून निदान निश्चित झाले, तर केवळ लक्ष ठेवणे पुरते. वेगाने वाढणारी वा पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ मात्र शल्यचिकित्सकाकडेच जावी. औषधाने गाठ कमी झाली असा दावा करणाऱ्याने उपचारापूर्वीचे व नंतरचे माप मिलिमीटरमध्ये लिहून ठेवले आहे का, हे विचारावयास हवे. अंगठ्याएवढी, सुपारीएवढी ही मापे आपल्या सोयीची आहेत, पुराव्याची नव्हेत.

पस्तिशी-चाळिशीत द्रवयुक्त गाठी अधिक दिसतात. पाळीपूर्वी दोन्ही स्तनांत होणारी जडता व वेदना हा सहसा व्याधी नसून ऋतुचक्राच्या चढउताराचा भाग असतो. केवळ वेदनेमागे कर्करोग असणे विरळा. येथे आश्वासन आणि नीट आधार देणारे अंतर्वस्त्र यांनीच निम्मे काम होते. जवसाने अशा वेदनेला उतार पडतो असे लहान प्रमाणावरील चाचण्यांत दिसले आहे, आणि विदर्भात जवसाची चटणी कोणाला नवी नाही.

या प्रदेशात खरी तातडी असते ती स्तनविद्रधीची. रोवणीच्या वा तेंदूपानांच्या हंगामात ओली बाळंतीण पहाटे कामाला जाते, बाळ आजीपाशी राहते, दुपारपर्यंत स्तन दुधाने तटतटतात. पुढे लाली, ज्वर व पाक. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात याविषयी दिलेल्या सूचना आजही थक्क करतात. स्तन मृदुमांसाचा असल्याने पोटीस बांधल्यास तो लवकर कुजतो व फुटतो, म्हणून उपनाह टाळावा. पक्व झाल्यावर दुग्धवाहिन्या व चूचुकाचा काळा भाग वाचवून शस्त्र लावावे. आणि आम, विदाही व पक्व या तिन्ही अवस्थांत दूध काढत राहावे. आजही स्तनपान थांबवू नये असेच सांगितले जाते. मात्र २०२२ पासूनच्या मार्गदर्शनानुसार गरजेपेक्षा अधिक पिळून काढणे व जोराने मर्दन करणे दोन्ही वर्ज्य आहेत. बाळाच्या गरजेइतकेच पाजावे व थंड शेक द्यावा. एका दिवसात उतार न पडल्यास प्रतिजैविकांची गरज असू शकते. पू झाल्यास सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने तो काढणे हा आता पहिला पर्याय आहे. ग्रामीण रुग्णालयात पाठविण्यास येथे विलंब नको.

पू काढूनही व्रण भरत नसेल, नाडी वाहत राहत असेल, तर पुन्हा पुन्हा चिरा देण्यापूर्वी क्षयरोगाचा विचार करावा. तरुण स्त्रियांत ग्रॅन्युलोमेटस स्तनशोथ नावाचा आणखी एक विकार हुबेहूब असाच दिसतो, तो कर्करोगाचीही नक्कल करतो आणि त्याची चिकित्सा क्षयाहून वेगळी आहे. तिघांतला भेद सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

तपासणी पाळी येऊन गेल्यावरच्या आठवड्यात, स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत, बसवून व निजवून करावी. बोटांच्या पेरांनी कक्षा व जत्रूच्या वरचा भागही चाचपावा. चाळिशीनंतरची नवी गाठ, त्वचेला पडलेली खळी वा संत्र्याच्या सालीसारखे रूप, नव्याने आत ओढलेले स्तनाग्र, न दाबता एकाच छिद्रातून येणारा रक्तमिश्रित स्राव, एकाच स्तनाग्रावरचा न बरा होणारा इसब, काखेतील गाठ, दोन आठवड्यांत न निवळणारा शोथ यांपैकी काहीही आढळल्यास पुढे पाठवावे. वैद्याचा हात, प्रतिमा व पेशीतपासणी या तिघांचे एकमत झाल्यावरच ‘निर्दोष’ हा शब्द उच्चारावा. हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नये. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांत सुरू केलेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन तपासले. २०२१ मधील निष्कर्षांनुसार रोग आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र अशी घट दिसली नाही.

औषधालय चालकांसाठी दोन गोष्टी. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत कर्करोगाबरोबर स्त्रीच्या स्तनांचा आकार व ठेवण हा विषयही आहे. दुकानाच्या फळीवरचे ‘गाठीवर हमखास’ किंवा ‘स्तनवर्धक’ असे फलक त्या कक्षेत येऊ शकतात. दुसरी गोष्ट गुग्गुळाची. तो घेतल्याने प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, हे भारतीय अभ्यासात दिसले आहे. गर्भिणीस तो देऊ नये. तेव्हा कांचनार गुग्गुळ मागणाऱ्या स्त्रीस गाठ कोठे आहे, कोणी पाहिली, सोनोग्राफी झाली का, रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे विचारावे. आणि गाठीवर बिब्बा लावला आहे का, तेही. बिब्ब्याने भाजलेल्या त्वचेवर खळी व लाली ओळखणे पुढे तपासणाऱ्यालाही अवघड होते.